रस्ता कोणाच्या पैशाने?

(द्वितीय वर्ष, कला)

रस्त्यांना राष्ट्राच्या रक्तवाहिन्या म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उपमा चांगली आहे. परंतु रक्तवाहिन्या जन्माबरोबर फुकट मिळतात, रस्ते फुकट मिळत नाहीत. एक किलोमीटर चौपदरी महामार्ग करायचा तर जमीन, खडी, डांबर, सिमेंट, यंत्रे, मजुरी आणि त्यावरचे व्याज असा मोठा खर्च येतो, आणि तो रस्त्यावरून पहिले वाहन धावण्यापूर्वीच करावा लागतो. ज्या देशात शाळेला छप्पर नाही आणि दवाखान्यात डॉक्टर नाही, त्या देशाच्या सरकारने हा पैसा आणायचा कोठून? विकसनशील राष्ट्रांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरे शोधली, त्यांत टोल हे सर्वांत गाजलेले उत्तर आहे. आपल्याकडे टोलवर भांडणे पुष्कळ होतात, परंतु टोलच्या रस्त्याचे भांडवल उभे कसे राहते हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने तो हिशेब माझ्या वर्गमित्रांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खिसे तीनच

रस्त्याचा खर्च शेवटी भरून काढणारे खिसे तीनच असतात. पहिला आजच्या करदात्याचा. सरकार करातून पैसे काढते आणि रस्ता बांधते. दुसरा उद्याच्या करदात्याचा. सरकार कर्ज काढते आणि पुढची पिढी ते फेडते. तिसरा रस्ता वापरणाऱ्याचा, म्हणजे टोलचा.

येथे कोणी म्हणेल की, चौथा खिसा आहेच की! खासगी कंपनी पैसे घालते, परदेशी बँक पैसे घालते. हा समज अगदी सार्वत्रिक आहे आणि तो आधी दूर केला पाहिजे. कंपनी आणि बँक पैसे देतात ते उसने देतात. ते त्यांना नफ्यासह आणि व्याजासह परत हवे असतात. रस्त्यासाठी आगाऊ पैसा घालणारा एक आणि तो शेवटी भरणारा दुसरा, हा भेद लक्षात घेतला तर टोलविषयीच्या निम्म्या घोषणांचा अर्थ आपोआप उलगडतो. ‘सरकारचा एक पैसाही न लागता रस्ता झाला’ असे उद्‌घाटनाच्या दिवशी सांगितले जाते. ते खरे असले तरी त्याचा अर्थ एवढाच की पैसा तिसऱ्या खिशातून निघणार आहे.

हे तीन खिसे भारताला नवे नाहीत. आपल्याकडे टोलचा कायदा १८५१ सालचा आहे. १९२७ साली रस्त्यांच्या विकासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारवाल्यांकडून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, अशी या समितीची शिफारस होती. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. हाही एक प्रकारचा टोलच होय. फरक एवढाच की तो नाक्यावर न घेता पंपावर घेतला गेला. पुढे १९९८ साली पेट्रोलवर व १९९९ साली डिझेलवर लिटरमागे १ रुपया अधिभार बसवण्यात आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाला या अधिभाराचा मोठा आधार मिळाला.

टोलच्या बाजूने काय म्हणता येईल?

सार्वजनिक आयव्ययाच्या पाठ्यपुस्तकात कराची दोन तत्त्वे असतात. ज्याची ऐपत त्याने भरावे, हे करदानक्षमतेचे तत्त्व. ज्याला लाभ त्याने भरावे, हे लाभाचे तत्त्व. टोल दुसऱ्या तत्त्वावर उभा आहे. ज्याने कधी घाट ओलांडला नाही त्याच्या करातून घाटातला रस्ता का करावा, हा प्रश्न अन्याय्य म्हणता येणार नाही. शिवाय जेथे कर नियमित भरणारी माणसे मूठभर आहेत आणि सरकारची तिजोरी सदैव ओढलेली आहे, तेथे टोलमुळे रस्ता दहा-पंधरा वर्षे आधी होतो. त्या वर्षांचीही काही किंमत आहेच.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात टोलचा विचार केला आहे. टोल गाडीवाला भरतो असे दिसते, पण तो मालाच्या किमतीत मिसळून शेवटी ग्राहकाकडे जातो. तरीही चांगल्या रस्त्याने वाहतूक इतकी स्वस्त होते की ग्राहकाचा एकंदरीत फायदाच होतो, असे त्याचे म्हणणे होते. मात्र त्याच ठिकाणी त्याने एक इशाराही दिला आहे. कालवा दुरुस्त ठेवला नाही तर नावा अडतात आणि मालकाचे उत्पन्न बुडते, म्हणून कालवा खासगी हाती देता येईल. रस्त्याचे तसे नाही. रस्ता खड्ड्यांनी भरला तरी गाड्या कशाबशा जातातच आणि टोल मिळतच राहतो. अडीचशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही नाक्यावर उभे राहून पडताळता येते.

टोलचे गणित

आता एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका रस्त्याला १,००० कोटी रुपये लागले असे समजा. कंपनी त्यातले ३०० कोटी स्वतःचे घालते आणि ७०० कोटी बँकेकडून घेते. साधारण असेच प्रमाण या धंद्यात असते. व्याज १२ टक्के. रस्त्यावरून रोज ३०,००० वाहने जातात आणि सरासरी वाहनामागे १०० रुपये मिळतात. रोजचे ३० लाख, म्हणजे वर्षाचे साधारण ११० कोटी. देखभालीला आणि वसुलीला १५ कोटी गेले, तर उरले सुमारे ९५ कोटी.

बँकेने २० वर्षांची मुदत दिली तर व्याज व मुद्दल मिळून वर्षाचा हप्ता सुमारे ९४ कोटी येतो. म्हणजे हप्ता जेमतेम भागतो आणि कंपनीला स्वतःच्या ३०० कोटींवर वीस वर्षे जवळजवळ काहीच मिळत नाही. तिची कमाई मुख्यतः कर्ज फिटल्यावरची. म्हणूनच अशा करारांची मुदत पंचवीस-तीस वर्षांची असते.

बँक २० ऐवजी १० वर्षांचीच मुदत देते असे समजा. हप्ता १२४ कोटींवर जातो. तो भागवायचा तर प्रत्येक वाहनाकडून १०० ऐवजी सुमारे १२७ रुपये घ्यावे लागतील. टोल वाढला की काही वाहने जुन्या रस्त्याने जाऊ लागतात, उत्पन्न पुन्हा घटते आणि टोल आणखी वाढवावासा वाटतो. याउलट मुदत २० वर्षांचीच ठेवली, पण वाहने अंदाजापेक्षा ३० टक्के कमी निघाली तर? वर्षाचे उत्पन्न ७७ कोटी, देखभाल वजा जाता ६२ कोटी. पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच ८४ कोटी आहे. येथे कंपनी बुडाली.

या छोट्या गणितातून तीन गोष्टी दिसतात. रस्त्याला दीर्घ मुदतीचा पैसा लागतो. व्याजाचा दर हा खडी-डांबराइतकाच मोठा खर्च आहे. आणि सारा डोलारा वाहनांच्या संख्येच्या अंदाजावर उभा असतो. विकसनशील देशांची अडचण अशी की नेमक्या या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे दुबळ्या असतात. त्यांच्या बँकांकडे ठेवी थोड्या मुदतीच्या असतात, त्यामुळे वीस वर्षांचे कर्ज देणे त्यांना जड जाते. परदेशातून स्वस्त आणि लांब मुदतीचे कर्ज मिळते, पण ते डॉलरमध्ये फेडायचे असते. नाक्यावर मात्र डॉलर जमा होत नाहीत. चलनाचा भाव पडला की न घेतलेले कर्जही डोक्यावर चढते.

मेक्सिकोचा धडा

हे सर्व एकाच देशात, एकाच वेळी घडलेले पाहायचे असेल तर मेक्सिकोकडे पाहावे. कार्लोस सालिनास १९८८ साली तेथे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधीच्या दशकात देश परकीय कर्जाने पिचलेला होता आणि सरकारकडे रस्त्यांसाठी पैसा नव्हता. १९८९ ते १९९४ या काळात सरकारने खासगी कंपन्यांना ५२ टोलमार्गांचे हक्क दिले. पाच हजारांहून अधिक किलोमीटरचे नवे महामार्ग उभे राहिले. गुंतवणूक सुमारे १३ अब्ज डॉलरच्या घरात होती. राजधानीकडून अकापुल्को बंदराकडे जाणारा, डोंगर फोडून केलेला महामार्ग त्यातलाच. इतक्या थोड्या वर्षांत एवढे काम करणारा देश म्हणून मेक्सिकोचे उदाहरण तेव्हा जगभर दिले जात असे.

चूक निविदेच्या अटीत होती. जी कंपनी कमीत कमी वर्षांत रस्ता सरकारला परत करील तिला काम द्यायचे, असे ठरले होते. ऐकायला ही अट लोकहिताची वाटते. परंतु आपण वर पाहिलेले गणित आठवावे. मुदत तोकडी झाली की टोल चढतो. तेथील टोल जगातील सर्वांत महागांपैकी ठरले. शेजारी जुना, फुकटचा रस्ता ठेवणे बंधनकारक होते. साहजिकच मालमोटारी जुन्या रस्त्यानेच जात राहिल्या. नवे गुळगुळीत महामार्ग ओस पडले आणि जुने रस्ते ट्रकांनी उखडत राहिले.

दुसरा दोष असा की रस्ते बांधणारे कंत्राटदारच कंपन्यांचे मालक होते. त्यांना बांधकामातच नफा मिळत असल्याने रस्ता पुढे चालेल की नाही याची चिंता कमी आणि काम मिळवण्याची घाई जास्त होती. वाहनांचे अंदाज फुगवलेले निघाले आणि बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला. कर्ज देणाऱ्या बँका देशातल्याच होत्या, पण कर्जे थोड्या मुदतीची आणि बदलत्या व्याजाची होती. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो या चलनाचा भाव कोसळला, व्याजाचे दर भडकले आणि सगळी योजना आडवी झाली. अखेर १९९७ साली सरकारने २३ रस्ते ताब्यात घेतले, त्यांच्या अब्जावधी डॉलरच्या कर्जाची जबाबदारी स्वीकारली आणि टोल उतरवला.

म्हणजे काय झाले? तिसऱ्या खिशातून पैसे यायचे होते, ते दुसऱ्या खिशातून गेले. ज्या शेतमजुराने तो महामार्ग कधी पाहिलाही नाही, त्याच्याही डोक्यावर त्याच्या कर्जाचा वाटा बसला.

या धड्यावर लॅटिन अमेरिकेतच एक उपाय शोधला गेला. चिली या देशाने १९९८ साली सान्तियागो ते वाल्पाराइसो या महामार्गाचे काम देताना वर्षे मोजलीच नाहीत. एकंदर किती उत्पन्न (आजच्या मोलाने) मिळाल्यावर रस्ता परत कराल, एवढेच विचारले आणि सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याला काम दिले. वाहने कमी आली तर मुदत लांबते, जास्त आली तर आखडते. अंदाज चुकला तरी कंपनी बुडत नाही आणि जनतेची लूटही होत नाही. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी का सुचली नाही याचेच नवल वाटते.

चीनची वाट वेगळी. तेथे १९८४ पासून ‘कर्ज काढून रस्ता बांधा, टोल घेऊन कर्ज फेडा’ असे धोरण आहे आणि कर्ज काढणाऱ्या बहुतेक संस्था सरकारी आहेत. १९८८ साली शांघायजवळ पहिला छोटा द्रुतगती मार्ग झाला. आज तेथे असे मार्ग दीड लाख किलोमीटरहून अधिक आहेत. हे यश डोळे दिपवणारे आहे. परंतु २०२१ अखेर तेथील टोलरस्त्यांवरचे कर्ज सुमारे ७.९ लाख कोटी युआन होते आणि त्या वर्षीचा टोल हप्ते व खर्च भागवायला पुरला नव्हता. गर्दीच्या प्रांतांतले रस्ते फायद्यात आणि विरळ वस्तीच्या डोंगराळ प्रांतांतले तोट्यात, असा हा मामला आहे.

आपल्या दारातला महामार्ग

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. लांबी सुमारे ९४ किलोमीटर, सहा पदरी. प्रथम तो खासगी कंपनीकडून करून घेण्याचा विचार होता. परंतु आलेली निविदा ३,६०० कोटींच्या आसपासची होती आणि युती सरकारला ती फार वाटली. १९९६ साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि महामंडळाने राज्य सरकारच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला. सुमारे १,६०० कोटींत काम झाले. २००२ साली संपूर्ण मार्ग खुला झाला.

येथे ‘हमी’ हा शब्द नीट पाहिला पाहिजे. महामंडळाला पैसे देणाऱ्यांनी टोलवर विश्वास ठेवून पैसे दिले नाहीत; सरकार बुडणार नाही या विश्वासावर दिले. त्यामुळे व्याज कमी पडले, पण धोका राज्याच्या तिजोरीवर राहिला. स्वस्त पैसा आणि निर्धोक तिजोरी या दोन गोष्टी एकदम मिळत नाहीत.

२००४ साली महामंडळाने या मार्गावर आणि जुन्या महामार्गावर १५ वर्षे टोल घेण्याचा हक्क ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन खासगी कंपनीला दिला. ही मुदत संपल्यावर २०२० साली दहा वर्षांच्या हक्कासाठी ठरलेली रक्कम ८,२६२ कोटी होती. त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीलाच द्यायचे होते. पंधरा वर्षांचे ९१८ कोटी आणि दहा वर्षांचे ८,२६२ कोटी! हे आकडे शेजारी ठेवले की सरकार पहिल्या वेळी फसले, असे कोणीही म्हणेल. परंतु विद्यार्थ्याने थोडे थांबावे. २००४ साली रस्ता नवा होता, वाहने किती येतील हे कोणालाच ठाऊक नव्हते, व्याजाचे दर वेगळे होते आणि महामंडळाला रोकड हवी होती. २०२० साली पंधरा वर्षांचा अनुभव हाताशी होता. अनिश्चितता विकायला काढली की भाव कमी येतो. हा बाजाराचा नियम आहे. मात्र यातून एक धोरण निघते. रस्ता नवा असताना दीर्घ मुदतीचा हक्क एकरकमी विकू नये आणि विकलाच तर अंदाजाबाहेर येणाऱ्या उत्पन्नात जनतेचा वाटा करारातच लिहून घ्यावा.

या मार्गावर २०२३ पर्यंत दर तीन वर्षांनी १८ टक्के टोलवाढ आधीच ठरलेली होती. मोटारीचा टोल २०१४ साली १९५ रुपये होता, २०१७ साली २३०, २०२० साली २७० आणि १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला. वाढ ठरलेली असल्याने कर्ज देणाऱ्याला निश्चिंती असते. वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी ती नवी वाटते, कारण करार त्याने वाचलेला नसतो.

करार न वाचण्याची किंमत किती असते हे दिल्ली–नोएडा पुलाच्या मार्गावरून कळते. २००१ साली सुरू झालेल्या या छोट्या मार्गाच्या करारात कंपनीला एकंदर खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा ठरवून दिला होता. परतावा कमी पडला तर तूट मूळ खर्चात मिळवायची. समजा, खर्च १०० कोटी आणि पहिल्या वर्षी २० ऐवजी १० कोटीच सुटले. मग दुसऱ्या वर्षी खर्च ११० कोटी धरायचा आणि परतावा २२ कोटी. लोक टोल भरत होते आणि बाकी वाढतच होती. सावकाराच्या वहीतला हा हिशेब खेड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला न शिकवता कळेल. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ साली तेथील टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

राष्ट्रीय महामार्गांवर यानंतर निरनिराळे प्रकार अजमावले गेले. ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ ही जुनी रीत. तिच्यात वाहनांचा धोका कंपनीचा. २०१६ पासून आलेल्या मिश्र रीतीत सरकार ४० टक्के खर्च बांधकामाच्या काळात देते, उरलेला कंत्राटदार उभा करतो आणि सरकार त्याला तो हप्त्याने फेडते. टोल सरकार घेते. तिसऱ्या रीतीत तयार रस्ते काही वर्षांसाठी भाड्याने दिले जातात. २०१८ साली अशा नऊ रस्त्यांच्या तीस वर्षांच्या हक्कासाठी एका ऑस्ट्रेलियन कंपनीने ९,६८१ कोटी रुपये दिले. प्रत्येक रीतीत एकच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवलेला दिसतो : वाहने आली नाहीत तर तोटा कोणाचा? मिश्र रीतीत तो बराचसा सरकारचा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे कर्ज २०२२ साली साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेले होते, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे.

पट्टीवरचा टोल

आता लाभाच्या तत्त्वाकडे पुन्हा वळू. टोल शेवटी ग्राहक भरतो, असे अ‍ॅडम स्मिथ म्हणतो. आमच्या गावाकडचा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्याकडून भाजीपाला टेंपोने मुंबईच्या घाऊक बाजारात जातो. तेथून शेतकऱ्याला पट्टी येते. घरात पट्टी वाचायचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे. तीवर मालाची रक्कम असते आणि खाली वजाबाकी : भाडे, हमाली, तोलाई. टोल वेगळा लिहिलेला नसतो. तो भाड्याच्या आकड्यात असतो. मालाचा भाव त्या दिवशी बाजारात किती माल आला यावर ठरतो. टोल वाढला म्हणून कोणी टोमॅटोला जास्त भाव देत नाही. म्हणजे हा भार पुढे ग्राहकाकडे न सरकता मागे शेतकऱ्याकडे येतो. पाठ्यपुस्तकात याला करभाराचे मागे संक्रमण म्हणतात. ज्या वस्तूचा पुरवठा त्या दिवशी मागे घेता येत नाही, तिच्या विक्रेत्यावरच भार पडतो. टोमॅटो परत रोपाला लावता येत नाही.

याचा अर्थ रस्ता नको असा नाही. चांगल्या रस्त्याने माल रात्रीत पोहोचतो, कमी सडतो, टेंपोच्या खेपा वाढतात. आमच्या गावाला हा लाभ झालेला आहे. परंतु टोलच्या रस्त्याचा लाभ आणि टोलचा भार एकाच माणसाकडे जातो हे गृहीत धरता येत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेशच नाही. ज्यांच्या जमिनी अशा मार्गात जातात, त्यांतल्या अनेकांना तो कुंपणाबाहेरूनच पाहावा लागतो.

कोल्हापूरकरांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. शहरातले रस्ते ‘बांधा, वापरा’ पद्धतीने झाल्यावर तेथे टोल बसला. आपल्याच शहरातल्या रोजच्या रस्त्याला टोल का, असे म्हणत प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि काही वर्षांच्या लढ्यानंतर टोल रद्द झाला. मात्र कंपनीला भरपाई द्यावी लागली. २०१५ साली राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एस.टी. यांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. लोकांना आनंद झाला, तो योग्यच. परंतु टोल माफ होतो तेव्हा करार माफ होत नाही. उरलेली रक्कम तिसऱ्या खिशातून निघून पहिल्या खिशावर येते. मुंबईत शिरणाऱ्या मोटारीचा टोल गेला आणि त्याची भरपाई राज्याच्या तिजोरीतून झाली, तर गडचिरोलीत काडेपेटी विकत घेऊन कर भरणारा माणूसही ती भरपाई देतो. हे न्याय्य आहे काय, यावर आपल्या वादविवाद मंडळात एकदा चर्चा व्हायला हरकत नाही.

काय विचारावे?

माझे मत टोलच्या विरुद्ध नाही. गरीब देशाला रस्ते हवे आहेत आणि वाट पाहत बसणेही परवडणारे नाही. परंतु जो रस्ता टोलवर बांधला जाईल त्याविषयी काही प्रश्न आधीच, कागद सही होण्यापूर्वी, विचारले गेले पाहिजेत. वाहनांचा अंदाज कोणी केला, आणि तो करणाऱ्याचा त्या कामात फायदा आहे काय? अंदाज चुकला तर तोटा कोणाचा, आणि अंदाजाबाहेर उत्पन्न आले तर ते कोणाचे? कर्ज किती मुदतीचे आणि कोणत्या चलनात? शेजारचा फुकटचा रस्ता चालू आणि दुरुस्त राहील काय? रोजची वसुली नाक्यावरच्या फलकावर लागेल काय? फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आहे. प्रत्येक वाहनाची नोंद यंत्रात होते. तेव्हा हा शेवटचा आकडा मोजणे कठीण नाही, दाखवण्याची इच्छा हवी. २००५ सालचा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहेच.

आपल्यापैकी पुष्कळजण असे आहेत की ज्यांच्या घरात करारनामा वाचू शकणारे तेच पहिले. टोलचे करार दोनशे पानांचे असतात आणि अवघड भाषेत असतात. परंतु ज्याला पट्टीवरची वजाबाकी कळते त्याला हेही कळू शकते. अर्थशास्त्राची पदवी घेऊन आपण पुढे कोठेही नोकरीला लागू, आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या एका तरी रस्त्याचा करार मागवून वाचू आणि त्यातला हिशेब चावडीवर सांगू, एवढे जरी ठरवले तरी पुष्कळ होईल.